मेमरीज ऑफ मर्डर कसा बघायचा: खुनी शोधत बसू नका, पोलिसांकडे बघा

पॅरासाइटला २०२० मध्ये चार ऑस्कर मिळाले तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी बोंग जून-हो ह्या दिग्दर्शकाचं नाव पहिल्यांदा ऐकलं, मग कोणीतरी सांगितलं की ह्याच माणसाचा २००३ चा एक पोलिसांचा पिक्चर आहे तो बघ, त्याच्यापुढे बाकीचे थ्रिलर फिके आहेत वगैरे. मग लोक बघतात. आणि त्यातले निम्मे येऊन म्हणतात, भारी होता रे, पण मग खुनी कोण होता?

तर हे सगळं त्या निम्म्या लोकांसाठी, आणि ज्यांनी अजून बघितलाच नाही त्यांच्यासाठी. पिक्चर अवघड अजिबात नाही, उलट एकदम गावरान, हसवणारा, शिव्या-लाथा असलेला आहे, फक्त आपण थ्रिलर म्हटलं की ज्या सवयीने बघतो ना, क्लू गोळा करत, हा असेल का तो असेल करत, त्या सवयीने बघितला की हातातून निसटतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. स्पॉयलर वाटेल, पण नाहीये. हा पिक्चर खऱ्या केसवर आहे, दक्षिण कोरियात सोलच्या दक्षिणेला ग्यॉंगी प्रांतात ह्वासॉन्ग नावाचा भाग आहे, तिथे १९८६ ते १९९१ मध्ये बायकामुलींचे दहा खून झाले आणि पिक्चर आला तेव्हा, म्हणजे २००३ ला, खुनी सापडलेला नव्हता. कोरियात तिकीट काढून आत बसलेल्या प्रत्येक माणसाला हे माहीत होतं. ५० लाखांहून जास्त लोकांनी थिएटरात जाऊन बघितला, त्या वर्षीचा तिथला सगळ्यात जास्त चाललेला कोरियन पिक्चर, आणि त्या सगळ्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं की हे दोघे पोलीस हरणार आहेत. दिग्दर्शकाने पिक्चर त्याच प्रेक्षकासाठी बनवलाय. त्यामुळे तुम्हीही ते माहीत करून घेऊनच बसा. मग लक्ष आपोआप योग्य जागी जातं, की हरतात ते ठीक, पण कसे हरतात.

बसण्याआधी

लांबी साधारण सव्वादोन तास आहे. रात्री बघा, आणि फोनवर तर बघूच नका, हे मी उगाच शिष्टपणा म्हणून सांगत नाहीये. ह्या पिक्चरमध्ये महत्त्वाच्या गोष्टी फ्रेमच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, अंधारात घडतात. एक सीन आहे, रात्र, पाऊस, शेतातली वाट, एक बाई नवऱ्याला छत्री द्यायला फॅक्टरीकडे निघालीय आणि गाणं गुणगुणतेय, आणि तिला शिट्टी ऐकू येते. त्या सीनमध्ये मागे शेतात जे होतं ते पाच इंची स्क्रीनवर दिसतच नाही, आणि दिसलं नाही तर घाबरायचं कशाला तेच कळत नाही. घरात टीव्ही असेल तर त्यावर, लाईट बंद, आणि टीव्हीचं ते मोशन स्मूथिंग नावाचं सेटिंग असतं ते बंद करा, त्याने सगळे पिक्चर मालिकेसारखे दिसतात. रिस्टोअर केलेली प्रिंट मिळाली तर उत्तमच. कुठल्या ओटीटीवर आहे ते सारखं बदलत असतं, तुमचं तुम्ही शोधा.

डबिंग मिळालं तरी नको. सबटायटल. ह्यात गावाकडचा पोलीस आणि सोलहून आलेला पोलीस ह्यांच्या बोलण्याच्या सुरात जो फरक आहे तो भाषा कळत नसली तरी कानाला कळतो, एकजण कायम तोंडात काहीतरी असल्यासारखा बोलतो आणि दुसरा मोजून मापून. डबमध्ये दोघेही एकाच स्टुडिओत जन्मल्यासारखे वाटतात.

नावांचा घोळ होणार आहे, तो आधीच मिटवू. कोरियात आडनाव आधी येतं आणि पार्क, चो वगैरे आडनावं गल्लोगल्ली आहेत. तर, पार्क दू-मान हा गावचा डिटेक्टिव्ह, सोंग कांग-होने केलाय, पॅरासाइटमधला बाप तोच. सो ते-युन हा सोलवरून आलेला, किम सांग-क्युंगने केलाय. चो योंग-गू हा पार्कचा जोडीदार, लाथा घालणारा. आणि पुढे एक संशयित येतो त्याचंही आडनाव पार्क, पार्क ह्यॉन-ग्यू, हा गोरागोमटा, शांत चेहऱ्याचा पोरगा, त्याला "फॅक्टरीतला" म्हणून लक्षात ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही. बेक क्वांग-हो हा हॉटेलवाल्याचा मुलगा, चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा, जरा मंद बुद्धीचा. आणि क्वोन क्वी-ओक, स्टेशनमधली एकमेव बाई पोलीस, हिच्यावर नजर ठेवाच, का ते पुढे सांगतो. एवढी सहा नावं पुरे.

लहान मुलं घरात जागी असतील तर लावू नका. मृतदेह दाखवलेत, कोठडीतली मारहाण दाखवलीय, आणि खून झालेल्यांमध्ये शाळकरी मुलगी आहे. रक्ताचा सडा वगैरे नाही तसा, पण जे आहे ते डोक्यात राहतं. ज्यांना बायकांवरच्या अत्याचाराचे सीन सोसत नाहीत त्यांनी नाही बघितला तरी काही बिघडत नाही.

१९८६ चा कोरिया, फटक्यात

हे वाचलंत तर अर्धा पिक्चर जास्त कळेल. आज आपण कोरिया म्हटलं की मेकअप, के-पॉप, मोबाईल डोळ्यासमोर आणतो, पण १९८६ ला तिथे लष्करशाही होती. चुन दू-ह्वान हा जनरल सत्तेवर होता, १९८० ला ग्वांगजू शहरात लष्कराने आंदोलकांवर गोळ्या चालवल्या होत्या, आणि कॉलेजची पोरं रोज रस्त्यावर. १९८७ च्या जानेवारीत एक विद्यार्थी पोलीस कोठडीत छळाने मेला, आणि त्या जूनमध्ये एवढं मोठं आंदोलन झालं की सरकारला राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मान्य करायला लागली. म्हणजे पिक्चर ज्या महिन्यांत घडतो तेव्हा देशातल्या पोलिसांचं खरं काम गुन्हेगार पकडणं नव्हतंच, मोर्चे मोडणं होतं. आणि कोठडीत मारून कबुली घ्यायची ही तर रोजची पद्धत.

हे पिक्चरमध्ये कोणी भाषण करून सांगत नाही. मागे दिसत राहतं. राष्ट्राध्यक्षाचा ताफा जाणार म्हणून शाळेच्या मुलींना झेंडे देऊन रस्त्याकडेला उभं केलंय. हवाई हल्ल्याची ड्रिल आहे म्हणून सायरन वाजतो, गावभर दिवे मालवतात, दुकानांची शटरं खाली येतात, आणि नेमक्या त्याच काळोखात कोणीतरी मरतंय. सरकार लोकांना शत्रूपासून वाचवायची प्रॅक्टिस करतंय आणि त्या प्रॅक्टिसचा फायदा खुन्याला. आणि एकदा तर दोघांना रात्री जास्तीची कुमक हवी असते, पक्कं कळलेलं असतं की आज होणार, तर उत्तर येतं की सगळी फोर्स सुवॉन शहरात मोर्चा आवरायला गेलीय. एका वाक्यात संपतो तो विषय. पण माझ्या मते पिक्चरचा सगळ्यात चिडवणारा क्षण तो आहे, आणि बघताना चिप्स शोधत असाल तर निघून जाईल.

पहिला अर्धा तास हसायचं की नाही?

हसायचं. लोक इथे बिचकतात, की खुनाचा पिक्चर आणि हे काय चाललंय. सुरुवातीला भाताचं पिवळंधमक शेत, कोवळं ऊन, एक पोरगा नाकतोडे पकडतोय, आणि आपला डिटेक्टिव्ह पॉवर टिलरच्या मागच्या ट्रॉलीत बसून येतो. मावळात किंवा कोकणात कापणीच्या दिवसांत गेलेल्याला हे शेत अगदी ओळखीचं वाटेल. शेताच्या कडेला सिमेंटची मोरी, त्यावर फरशी, आणि तो वाकून आत बघतो. आत मृतदेह. वर तो पोरगा डिटेक्टिव्हची हुबेहूब नक्कल करत त्याचेच शब्द त्यालाच ऐकवतोय. काय करणार, हसूच येतं.

मग थोड्या वेळाने दुसऱ्या खुनाची जागा येते आणि तो सीन लक्ष देऊन बघा, कारण तो एका लांबलचक शॉटमध्ये आहे, मध्ये कट नाही. पार्क ओरडतोय, बघे जमलेत, पोरं धावतायत, पावलाचा एकमेव ठसा मातीत आहे आणि तो वाचवा वाचवा म्हणून तो बोंबलतोय, तेवढ्यात एक शेतकरी शांतपणे वाहन चालवत येतो आणि ठशावरून निघून जातो. फॉरेन्सिकवाले अजून आले नाहीत. साहेब येतात ते बांधावरून घसरून खाली. मागून येणारा दुसराही घसरतो. कॅमेरा सगळ्यांमधून फिरतोय आणि आपण हसतोय, आणि ह्या हसण्यातच पूर्ण तपासाचं काय होणार ते सांगून झालेलं आहे. पुरावा कोणी लपवला नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत, फक्त जागा दोरी बांधून बंद करायची असते हे कोणाच्या अंगवळणी पडलेलं नाही. घटनास्थळाची वाट कशी लागते ते ह्यापेक्षा चांगलं दाखवलेलं मी तरी बघितलं नाही.

टीप: ह्या पिक्चरमध्ये जेव्हा जेव्हा हसू येईल तेव्हा नजर फ्रेमच्या मागच्या भागात न्या. पुढे विनोद चालू असतो आणि मागे काहीतरी हातचं जात असतं.

दोघे जोडीदार

आता मुख्य मुद्दा. दोन विरुद्ध स्वभावाचे पोलीस एकत्र येतात, आधी भांडतात, मग दोस्ती होते आणि दोघे मिळून केस फोडतात, हा फॉर्म्युला आपण शंभरदा बघितलाय. इथे भांडणापर्यंत फॉर्म्युला तसाच आहे. सो गावात येतो, वाटेत एका बाईला पत्ता विचारायला जातो, ती घाबरून पळते, आणि पार्क त्यालाच बलात्कारी समजून उडून लाथ घालतो. झाली ओळख.

पार्कचं म्हणणं काय, तर माझ्याकडे नजर आहे, माणसाच्या डोळ्यांत बघितलं की मला कळतं. त्याने संशयितांचे फोटो वहीत चिकटवलेत आणि रोज ते डोळे बघत बसतो. साहेब एकदा त्याची परीक्षा घेतात, स्टेशनात दोन तरुण बसलेत, एक बलात्कारातला आरोपी आणि दुसरा त्या मुलीचा भाऊ, ओळख बरं कुठला कुठला. पिक्चर तिथे कट होतो. उत्तर देत नाही! हे लक्षात ठेवा कारण पूर्ण पिक्चर ह्या एका सीनच्या खुंटीवर टांगलाय. सोचं म्हणणं उलट, कागद खोटं बोलत नाहीत. तो फायली वाचतो, आणि नुसत्या फायली वाचून सांगतो की बेपत्ता म्हणून नोंदलेली एक मुलगी मेलेली आहे आणि कुठे शोधायचं तेही. आणि सापडते. पाऊस, लाल कपडे, हे पॅटर्न तोच काढतो.

तेव्हा आपल्याला वाटतं, बरोबर, शहरातला शिकलेला पोलीस हुशार, गावचा अडाणी. बोंगने आपल्यासाठी लावलेला सापळा आहे हा. कारण पार्कचं एक वाक्य आहे, अमेरिका केवढी मोठी म्हणून तिथले एफबीआयवाले डोकं वापरतात, आपला देश तळहाताएवढा, इथे पायाने तपास होतो. हास्यास्पद वाटतं. पण मग खाणीतला तो पाठलागाचा सीन येतो, दुसरा संशयित रात्री गावातून पळत पळत कामगारांच्या गर्दीत मिसळतो, सगळे धुळीने सारखेच दिसतायत, आणि तिथे कागद काही कामाचे नाहीत, पार्क उभा राहून एकेकाकडे बघत जातो आणि कमरेशी डोकावणाऱ्या लाल कपड्यावरून बरोब्बर उचलतो. म्हणजे नजर आहे त्याच्याकडे. फक्त नजरेने जे कळतं आणि नजरेने जे कळल्यासारखं वाटतं ह्यातला फरक त्याला कळत नाही.

आणि ह्या दोघांच्या भांडणात जिचं कोणी ऐकत नाही ती क्वी-ओक. तिला चहा-कॉफी आणायला सांगतात. रेडिओवर ठराविक गाण्याची फर्माईश ज्या रात्री येते आणि पाऊस असतो त्या रात्री खून होतो, हे तिने शोधलंय. एका वाचलेल्या बाईचा जबाब घ्यायचा असतो, ती पुरुष पोलिसापुढे तोंडच उघडत नाही, तेव्हा कामाला येते हीच. पूर्ण तपासातले दोन सगळ्यात खरे धागे एका ज्युनियर बाईने आणलेत आणि तिला पोस्टरवर जागा नाही. बायकांच्या खुनांचा तपास, आणि स्टेशनमधल्या एकुलत्या एक बाईला विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, ह्यावर पिक्चर काही बोलत नाही, नुसतं दाखवतो.

चोकडे पण बघा. तो लाथ घालायच्या आधी बुटावर कापडी खोळ चढवतो, वळ उठू नयेत म्हणून. केवढी ती काळजी. आणि मारून झालं की पोलीस आणि संशयित एकत्र बसून काळ्या सॉसमधल्या नूडल्स खातात आणि टीव्हीवर पोलिसांची मालिका बघतात, टायटल म्युझिक लागलं की सगळे मिळून गुणगुणतात. क्वांग-होला नवे बूटही देतात, नायकीची नक्कल, वर नाईस लिहिलेलं. बूट कशासाठी ते कळलं की हसू तोंडातच राहतं, कारण ठसा तर टिलरखाली गेला, मग ठसा आणायचा कुठून?

इथून पुढे, पिक्चर बघितला नसेल तर थांबा आणि बघून या.

बघून झाल्यावर

पिक्चरचा मधला सांधा माझ्या मते तो बँडएडचा आहे. शाळेत चौकशीला गेलेला सो एका मुलीशी बोलतो, तिच्या पाठीला बँडएड लावून देतो, एवढंच, मिनिटभराचा सीन. पुढे पावसात सापडलेल्या मृतदेहाच्या पाठीवर ते बँडएड. तिथे कागदवाल्या माणसाचा कागदावरचा विश्वास तुटायला लागतो. आणि तिकडे पार्कचं नेमकं उलटं, त्याचा लाथांवरचा विश्वास संपलाय, क्वांग-हो रेल्वेखाली गेला, चोचा पाय गंजक्या खिळ्याने धनुर्वात होऊन कापायला लागला, ज्या पायाने तो लाथा घालायचा तोच पाय, आणि त्या ऑपरेशनच्या कागदावर सही पार्कला करावी लागते. म्हणजे दोघेही एकमेकांच्या जागी जाऊन पोचतात. शेवटी बोगद्यासमोर पावसात पुराव्याची वाट न बघता त्या फॅक्टरीतल्या पोराला मारहाण करणारा आहे सो, आणि हातात कागद घेऊन येणारा आहे पार्क. डीएनए रिपोर्ट अमेरिकेतून आलाय, इंग्रजीत, आणि म्हणतो जुळत नाही. सोचं आयुष्यभराचं वाक्य होतं, कागद खोटं बोलत नाही, आणि तोच माणूस म्हणतो हा कागद खोटा आहे.

मग पार्क त्या पोराची हनुवटी वर उचलून डोळ्यांत बघतो. आख्खा पिक्चर ज्या नजरेची बढाई मारली ती नजर. आणि म्हणतो, मला कळत नाहीये. आणि मग विचारतो, नीट जेवतोस का रे? हा डायलॉग स्क्रिप्टमध्ये नव्हता, सोंग कांग-होने स्वतःचा टाकलेला. अभिनयावर ह्याहून जास्त काय बोलायचं.

एक गोष्ट पहिल्या वेळी हमखास सुटते. डीएनएवरून माणूस ओळखायचं तंत्र सापडलंच १९८४ ला, इंग्लंडमध्ये, म्हणजे ह्या गावच्या पोलिसांसाठी ते विज्ञानकथेसारखंच होतं. देशात सोय नाही म्हणून नमुना परदेशी पाठवायचा, आणि तो येईपर्यंत पावसाची वाट बघत बसायचं. त्यामुळे सोची बेजारी बघताना हे असू द्या डोक्यात, तो चुकीच्या पद्धतीवर विश्वास ठेवत नव्हता, बरोबर पद्धत यायच्या काही वर्षं आधी जन्मलेला होता.

शेवट. २००३, पार्क आता पोलीस नाही, ज्यूसरची विक्री करतो, चांगले कपडे, गाडी, बायको-पोरं. वाटेत तीच मोरी दिसते, उतरून वाकून बघतो. रिकामी. एक छोटी मुलगी सांगते की काही दिवसांपूर्वी अजून एक माणूस असाच येऊन बघत होता, खूप वर्षांपूर्वी इथे काहीतरी केलं होतं ते आठवलं म्हणाला. कसा दिसत होता? साधाच. चारचौघांसारखा. आणि पार्क सरळ कॅमेऱ्यात बघतो.

लोक म्हणतात आर्टी शेवट आहे. अजिबात नाही, एकदम व्यवहारी आहे. कोरियात तेव्हा खुनाचा खटला भरायची मुदत १५ वर्षं होती. शेवटचा खून एप्रिल १९९१ चा, म्हणजे मुदत संपणार एप्रिल २००६ ला. पिक्चर लागला तेव्हा तीन वर्षं शिल्लक होती. खुनी जिवंत असेल, बाहेर असेल, स्वतःवर निघालेला पिक्चर बघायला थिएटरात येईल, असं धरून बोंगने ती नजर कॅमेऱ्यात वळवली, हे त्याने स्वतः सांगितलंय. साधा चेहरा असलेला कोणीही, त्या अंधारात, तुमच्या शेजारच्या खुर्चीतही.

खरी केस कधी वाचायची

पिक्चर झाल्यावर, त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी. आधी वाचलीत तर पिक्चर बातम्यांचं नाट्यरूप वाटायला लागतो. आणि पिक्चरमधल्या संशयितांना खऱ्या संशयितांशी जोडत बसू नका, मूळ आधार १९९६ चं एक नाटक आहे, पात्रं रचलेली आहेत.

थोडक्यात असं झालं. २००६ ला मुदत संपली. नंतर कायदा बदलला, २००७ ला मुदत २५ वर्षं केली आणि २०१५ ला खुनासाठी मुदतच काढून टाकली, पण ह्या केससाठी उशीर झालेला होता. मग २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जपून ठेवलेल्या मुद्देमालाची नव्याने डीएनए तपासणी केली आणि ली चुन-जे हे नाव आलं. तो तेव्हा बुसानच्या तुरुंगात होता, १९९४ ला मेहुणीवर बलात्कार करून खून केल्याबद्दल जन्मठेप भोगत. त्याने १४ खून कबूल केले. मुदत संपल्यामुळे ह्वासॉन्गच्या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालवता आला नाही.

आणि त्या वेळी पोलिसांनी सुमारे २१ हजार लोक तपासले होते, त्यात हाही होता. चौकशी करून सोडलेला. पोलीस धरून चालले होते की खुन्याचा रक्तगट बी आहे, ह्याचा निघाला ओ. कागद खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या सोला हे कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

ह्याहून भयंकर आठव्या खुनाची गोष्ट. १९८८ ला १३ वर्षांची मुलगी तिच्या घरातच मारली गेली, आणि ह्या एका केसमध्ये पोलिसांनी आरोपी "पकडला", पोलिओने पायाने अधू असलेला विशीतला मुलगा. मारून, झोपू न देता कबुली घेतली, जन्मठेप झाली, जवळजवळ २० वर्षं आत काढून २००९ ला सुटला. लीने २०१९ ला तो खूनही आपणच केला असं सांगितलं आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने फेरसुनावणीत ह्या माणसाला निर्दोष ठरवलं. म्हणजे २००३ ला लोक थिएटरात बसून बुटाच्या खोळीवर हसत होते तेव्हा तो आत होता. पिक्चर बनवणाऱ्यांनाही हे माहीत असायचं कारण नव्हतं, तरी पिक्चरचं बोट बरोबर तिथेच ठेवलेलं आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की खुनी कोण हा ह्यातला दुय्यम प्रश्न.

त्याच फेरसुनावणीत लीला साक्षीदार म्हणून आणला होता, तेव्हा त्याने सांगितलं की तुरुंगात हा पिक्चर बघितलाय, आणि बघून विशेष काही वाटलं नाही. बोंगची ती नजर त्याच्यापर्यंत पोचली खरी, पण समोर काहीच नव्हतं.

दुसऱ्यांदा बघताना

बघाच, पण मध्ये काही आठवडे जाऊ द्या. ह्या वेळी गोष्ट माहीत असते म्हणून कान मोकळे असतात, संगीत जपानच्या तारो इवाशिरोचं आहे आणि ते कुठे गप्प बसतं ते ऐका. रेडिओवरचं ते गाणं यू जे-हा ह्या गायकाचं, हळवं, संथ, कोरियातलं लाडकं, आणि पिक्चरने ते कायमचं खराब करून ठेवलंय. जंगलातल्या त्या सीनला थांबा जिथे खुन्याच्या जागेवरून खाली रस्ता दिसतो, एका बाजूने शाळेची मुलगी येतेय आणि दुसऱ्या बाजूने पार्कची होणारी बायको, आणि तो क्षणभर ठरवतोय कुठली. पार्कला हे आयुष्यात कधीच कळत नाही. पहिल्या वेळी आपण मुलीसाठी घाबरलेले असतो म्हणून दुसरी बाई कोण होती हे लक्षातच येत नाही.

रंगही बघा. सुरुवातीचं सोनेरी शेत जाऊन हळूहळू सगळं राखाडी, ओलं, चिखलाचं होत जातं. शेवटाला परत सोनेरी.

ग्रुपमध्ये बघणार असाल तर एकच नियम ठेवा, मध्येच फोन काढून "खुनी कोण" सर्च करणाऱ्याला उठवा आणि चहा करायला पाठवा. आणि हा संपल्या संपल्या लगेच दुसरा कोरियन क्राइम थ्रिलर लावू नका. २००३ नंतर आलेल्या पुष्कळ पिक्चरांनी आणि मालिकांनी इथूनच उचललंय, पावसात पाठलाग, गावचा पोलीस शहरचा पोलीस, चिखलात झटापट, आणि मूळ ताजं असताना ते सगळं नक्कल वाटतं. बिचाऱ्यांवर अन्याय होतो, त्यातले काही खरंच बरे आहेत.